मुक्ताबाईंचं तोंड

४ ऑगस्ट, सोमवार

किळस आली आज. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत एकच मोठा विषय होता: नव्या इमारतीच्या दालनात मुक्ताबाईंचा अर्धपुतळा बसवणे. कलेक्टर ऑफिसची परवानगी आली, आता आमचा ठराव तेवढा राहिलाय. मला वाटलं पाच मिनिटांचं काम. दोन तास लागले! त्यातला दीड तास कोनशिलेवर कुणाचं नाव कुणाच्या वर, यावर गेला.

मग सरपंच मानसिंगराव मुक्ताबाईंच्या ओळीवर आले. "'दलितांसाठी गावची विहीर खुली करणाऱ्या' असं लिवलंय. लोक इचारतील की, बंद कुणी केली हुती?"

सगळे हसले. विहिरीला कुलूप यांच्याच आजोबांनी लावलं होतं. सभेतल्या प्रत्येकाला माहीत आहे. आता ओळ झाली 'थोर समाजसेविका'. बस्स, एवढंच. पुतळा बघून ठराव पुढच्या सभेत घ्यायचं ठरलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

मीही हलवली. मीही!

६ ऑगस्ट, बुधवार

का हलवली? युवराज सरपंचांच्या डेअरीत नोकरीला आहे म्हणून. नवऱ्याच्या नोकरीसाठी बायकोची मान. लिहून ठेवते, म्हणजे उद्या स्वतःशी खोटं बोलता येणार नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

बारामतीला गेलो, पुतळ्याचा मातीचा नमुना बघायला. सरपंच, ग्रामसेवक आणि मी. मी कशाला? फोटोत एक बाई हवी.

मूर्तिकार दिग्विजय, तिशीतला असेल. त्यानं ओलं फडकं काढलं आणि मी बघतच राहिले. हे तोंड मी शंभरदा पाहिलंय! सरळ नाक, भरलेले गाल, कानात बुगड्या. मानसिंगरावांच्या हॉलमध्ये हार घातलेला फोटो आहे. त्यांच्या आईचा.

सरपंच फोनवर बोलत बाहेर गेले तेव्हा दिग्विजयला विचारलं. तो ओशाळला. "मुक्ताबाईंचा फोटोच नव्हता ना मॅडम. मग सरपंचांनी दिला एक. म्हणाले, त्या काळच्या बायका अशाच दिसायच्या."

येताना माळेगावच्या फाट्यावर गाडी थांबवून सरपंचांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. मी ग्लास तसाच परत दिला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

राहवलं नाही. एसटीनं वालचंदनगर गाठलं. मुक्ताबाईंची मुलगी बनाबाई तिथं मुलाकडे असते. वय अडुसष्ट. मी मावशी म्हणाले, तिनं हाताला धरून आत नेलं.

बहात्तरच्या दुष्काळात बनामावशी पंधरा वर्षांची होती. सगळं डोळ्यांनी पाहिलंय तिनं. मुक्ताबाईंनी दगडानं कुलूप फोडलं आणि घागर घेऊन पायऱ्या उतरल्या. भरून वर आल्या तेव्हा काठावर काठ्या घेऊन माणसं उभी. डावा हात मोडला. पुढं मरेपर्यंत तो सरळ झाला नाही. "दुसऱ्या दिशी फडकं बांदून परत ग्येली," मावशी म्हणाली. "आन् मागनं आमी समदी वस्ती."

मोबाइलवर नमुन्याचा फोटो दाखवला. तिनं डोळ्यांजवळ धरला.

"ही तर मानसिंगाची आय हाय."

मी हो म्हणाले.

"आमच्या वंजळीत वरनं पानी वतायची ही. शितुडा उडला तर आंगुळ करायची. हिच्या तोंडाकडं बघायची आमची टाप नव्हती, बाय." फोन माझ्या हातात ठेवला. "माजी आय काळी हुती. नाक बसकं. वरचं दोन दात म्होरं. मी तिच्यावरच गेलीया, बघ की माझ्याकडं."

बघितलं. दीड वर्ष पुतळ्याचे कागद टेबलाटेबलावर फिरले आणि तिच्या पोरीला एकानंही काही विचारलं नाही!

२५ ऑगस्ट, सोमवार

पुतळ्यासाठी विशेष सभा. आज बोलले. उभी राहिले. "चेहरा चुकीचा आहे. मुक्ताबाईंची मुलगी आहे, तिला समोर बसवून नमुना पुन्हा करा. तोवर मंजुरी नको."

मानसिंगराव हसून म्हणाले, "आई कुणाची का आसंना, आई ती आईच की वो!"

टाळ्या! खरोखर टाळ्या वाजल्या.

मी गेणबातात्यांकडे बघितलं. ते वस्तीतून निवडून आलेत, मुक्ताबाईंच्या भावकीतले. त्यांनी मान वर केलीच नाही. मंजुरीसाठी हात वर झाले तेव्हा मात्र त्यांचाही हात वर होता.

बाजूनं दहा. विरोधात मी एकटी.

ग्रामसेवकानं विचारलं, विरोधाचं कारण लिहू का. सरपंच म्हणाले, "कारन कशाला? इरोद म्हंजी इरोद."

२६ ऑगस्ट, मंगळवार

पेपरात आलं: 'मुक्ताबाईंच्या पुतळ्याला महिला सदस्याचा विरोध'. खाली माझं नाव, फोटोसकट. गावच्या ग्रुपवर सकाळपासून तेच. 'वृषालीताईंनी जात दाखवली.' वस्तीतल्या बायका रस्त्यात भेटल्या, तोंड फिरवून गेल्या. त्यांचं काय चुकलं? त्यांनी पेपर वाचला.

पण त्याहून घाण पुढं. दुपारी आमच्या भावकीतले आप्पा आले, पेढे घेऊन! "बरं केलंस पोरी. कुनीतरी बोलायलाच पायजे हुतं. लई डोक्यावर बसाय लागलेत."

पेढे त्यांच्याच हातात परत कोंबले आणि दार लावलं. नंतर दोनदा हात धुतले.

३० ऑगस्ट, शनिवार

युवराजला डेअरीतून काढलं. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "मेलेल्या बाईच्या नाकासाठी?"

मी म्हणाले, "व्हय."

ताट उचलून तो बाहेरच्या खोलीत गेला.

२१ सप्टेंबर, रविवार

पुतळा आला. फायबरचा, वरून पितळी रंग. मानसिंगरावांच्या घरच्यांनी शेजारी उभं राहून फोटो काढले. त्यांना कुणाचा पुतळा दिसत होता, ते मी ओळखून आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

उद्या अनावरण. बनामावशीचा सत्कार ठेवलाय, साडी-श्रीफळ. मी फोन केला, म्हटलं, मावशी, येऊ नका. त्या तोंडापुढं तुम्हाला उभं करतील.

"येनार हाय," म्हणाली. "गाडी पाठवनारेत ते."

म्हणजे तीही? एका साडीसाठी? फोन ठेवला. आता सगळ्यांचाच वीट आलाय. माझाही.

५ ऑक्टोबर, रविवार

सरपंचांनी पडदा ओढला. टाळ्या. बनामावशी उठली. लोकांना वाटलं, पाया पडायला निघाली. तिनं खाली पडलेला पडदा उचलला, झटकला आणि पुतळ्याच्या तोंडावर परत टाकला. मग शेजारी उभी राहिली, लोकांकडं तोंड करून. पदर मागं सारला.

"बघा. माजी आय आशी दिसायची."

पहिले गेणबातात्या उठले. तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मग सगळी वस्ती रांगेत उभी राहिली.