दोन भोकं, एक तळं

प्रिय मारेन,

तुझ्या टेबलावर टांगलेला लाकडी मासा आज खाली उतरला. कुणी उतरवला ते सांगते, पण जरा दम धर. भाषण केल्याशिवाय मला बातमी सांगता येत नाही, हे आपल्या कंपायलर विभागात सगळ्यांना ठाऊक आहे.

ज्याच्या कामामुळे यंत्र चुकीचं उत्तर देईल, त्याच्या डोक्यावर तो मासा महिनाभर लटकतो. चुकीचं उत्तर! सावकाश आलेलं नव्हे. पूर-खात्याच्या चाचणीत आपण हरलो त्या दिवशी डेलनं तो तुझ्या डोक्यावर टांगला, तेव्हाच माझं रक्त उसळलं होतं. विक्रीचा माणूस, त्याला वेग तेवढा कळतो.

त्या सभेतली तू अजून डोळ्यांसमोर आहेस. आपलं यंत्र चौसष्ट आकडे एका दमात उचलतं, पण प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरमधल्या तू लिहिलेल्या भागानं परवानगी दिली तरच. पूर-खात्याच्या हिशेबातल्या, पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या सगळ्यात मोठ्या लूपला त्यानं ती नाकारली. जागेचा पत्ता धरून एक पॉइंटर वाचत होता, दुसरा लिहीत होता, आणि दोघं मेमरीत एकाच जागी पोचणार नाहीत याचा पुरावा मिळत नव्हता. डेल ओरडला, "बाईसाहेब, नावं दोन आहेत, दिसत नाही? समोरच्या कंपनीनं जागाही दोन असं धरलंच ना गृहीत! तुम्हीही धरा, संध्याकाळपर्यंत यंत्र विकून दाखवतो." तू शांतपणे कप खाली ठेवलास. "डेल, मासे पकडायला बर्फात दोन भोकं पाडली म्हणजे खाली तळी दोन होतात का रे?" सगळी खोली हसली. पण हसून कुणी यंत्र विकत घेत नाही. गिऱ्हाईक गेलं, आणि तू राजीनामा माझ्या हातात ठेवून डलूथला वडिलांकडे निघून गेलीस.

आज सकाळी पूर-खात्याच्या लेऑनचा फोन आला. मागच्या वसंतात सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला पूर त्यांनी आपल्या आणि समोरच्या कंपनीच्या, दोन्ही यंत्रांवर चालवून बघितला. त्या वेगवान यंत्रात नदी काठाच्या आतच राहिली! दोन्ही पॉइंटर आकड्यांच्या एकाच रांगेवर होते, एका घराच्या, म्हणजे नदीच्या एका टप्प्याच्या अंतरानं. प्रत्येक घराचं पाणी आधीच्या घराच्या नव्या पाण्यावरून काढायचं, तर त्या यंत्रानं चौसष्ट घरांचं जुनंच पाणी एकदम उचललं. वरचा पूर खाली पोचलाच नाही. आपलं यंत्र रांगत गेलं, पण गावातल्या मोठ्या रस्त्यावर पाणी दाखवूनच थांबलं. लेऑन म्हणाला, "त्या अडेल पोरीला सांगा, माझी आई त्याच रस्त्यावर राहते."

ज्याला 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटते, त्याच्या हाती नदी देऊ नये, असं मी आयुष्यभर ओरडत आले. तू ओरडली नाहीस. तू यंत्रालाच ते म्हणायला शिकवलंस. आणि हरतानाही ते शब्द पुसले नाहीस.

मासा डेलनं स्वतःच उतरवला आणि आपल्या डोक्यावर टांगला. "महिनाभर ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "दोन महिने. भोकं दोन होती."

तुझा राजीनामा मी वर पाठवलेलाच नाही. लेऑनला आता आपलं यंत्र हवंय, तुझ्या नकारासकट. सोमवारी ये. जिथं आधी पुरावा मिळत नाही, तिथं लूप सुरू होताना यंत्रानं दोन्ही पत्ते स्वतः ताडून पाहावेत. जागा वेगळ्या असतील तर चौसष्ट एकदम घेऊन उडावं, नसतील तर एकेक घेत निमूट चालावं. हे तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. आणि उन्हाळ्यात मी निवृत्त होतेय. या खुर्चीसाठी मी एकच नाव दिलंय. गृहीत धरून नव्हे, पुराव्यानं.

तुझीच अभिमानी,
सिग्ने