तुमच्या सहीचा खुलासा

बाबूजी, तुमच्यासारखा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. हे कौतुक नाही, तक्रार आहे. बापानं मुलीच्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसायचं, ती आत आली की बाकीच्यांसोबत उठून उभं राहायचं, आणि वर्ग सुटल्यावर तिच्या सायकलच्या मागे मागे आपली सायकल हाकत घरी यायचं, हे बावीस वर्षांच्या पोरीला किती जड जात असेल याचा तुम्ही कधी विचारच केला नाही. एकदा रडकुंडीला येऊन मी म्हटलंही, "बाबूजी, तुम्ही तरी उठत नका जाऊ हो." तुम्ही चुलीपुढे हात शेकत बसला होता. मान वर न करता म्हणालात, "मी तुह्यासाठी नाई उठत वो. मास्तरनीसाठी उठतो. तू मधात कायले येतं?" यावर आई तोंडाला पदर लावून हसली.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. मी नागपूरहून बी. ए. होऊन घरी आले होते. नोकरी लागेपर्यंत हातावर हात ठेवून बसायला नको, म्हणून सिहोऱ्याला सकाळी शाळा भरायच्या आधी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत होते. सगळे मॅट्रिकला इंग्रजीत आपटलेले. एसटीचे कंडक्टर, दवाखान्यातले कंपाउंडर, दोन-चार शेतकरी, आणि तुम्ही. तुम्ही तलावावरचे चौकीदार. एकोणीस वर्षं पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, रोज फेरी मारायची, पाण्याची खूण पाहायची, गेटाचं चाक फिरवून कालव्यात पाणी सोडायचं नि बंद करायचं. मॅट्रिक झालात तर ऑफिसात कारकुनी मिळाली असती. गुडघे कुरकुरायला लागले होते आणि पाळीवरची चढण वर्षागणिक उंच होत चालली होती. इंग्रजीचा एक पेपर तेवढा आडवा आला होता, तोही पंचवीस वर्षांपूर्वी.

सोपी वाक्यं तुम्हा सगळ्यांना दोन महिन्यांत जमली. अडलं ते मिश्र वाक्यापाशी. जेव्हा, जोपर्यंत, जरी, कारण, नाहीतर, असल्या शब्दांनी एक वाक्य दुसऱ्याला बांधायचं म्हटलं की फळा भरून जायचा आणि समोरचे चेहरे रिकामे व्हायचे. मी कॉलेजातल्या वहीतून मुख्य वाक्य, गौण वाक्य, क्रियाविशेषण उपवाक्य अशी नावं फळ्यावर उतरवायची, आणि कंपाउंडर प्रामाणिकपणे म्हणायचे, "मॅडम, नावं पाठ झाली जी. आता वाक्य सांगा." मग एके दिवशी तुम्ही मागून हात वर केलात. मला वाटलं, बाहेर जायचं असेल. तुम्ही उभे राहून सगळ्या वर्गाला सांगितलंत, "हे पाहा जी, मुख्य वाक्य म्हंजे कालवा. उपवाक्य म्हंजे त्याले जोडलेला पोटपाट. पोटपाट कोन्याही अंगाले काढा, पुढून काढा का मागून काढा. पन कालव्यापासून तोडला तं त्याच्यात पानी येनार नाई." वर्गातल्या एकूण एक माणसाच्या शेताला पाट होता. त्यानंतर मला तो धडा पुन्हा शिकवावा लागला नाही. पुढे मी तीस वर्षं शिकवलं, तेव्हाही माझी कॉलेजातली वही बाजूला ठेवून तुमचा पोटपाटच काढत आले. नाव मात्र तुमचं कधी सांगितलं नाही. ही माझी चोरी.

पुस्तकातली वाक्यं राजांची नि सिंहांची होती, म्हणून मी सांगितलं की प्रत्येकानं आपापल्या घरचं वाक्य आणावं. कंडक्टरांनी लिहून आणलं की शेवटचा माणूस चढेपर्यंत मी घंटी मारत नाही. त्यावर कंपाउंडर उसळले, "खोटं हाय मॅडम! परवा मले तुमसरच्या स्टँडवर सोडून गेल्ता हा!" तुमची वाक्यं सगळी पाण्याची. मी वही तपासायला घरी आणायची. आई लाखोळीच्या डाळीला फोडणी देत असायची आणि तुम्ही माझ्या लाल पेनाच्या टोकाकडे बघत पाटावर बसलेले असायचे. चूक निघाली की कान पकडायचात, आणि वाक्य बरोबर निघालं की आईला म्हणायचात, "वाढ वो, आता भूक लागली." मला त्या वेळी लाज वाटायची. आता तो पाट, ती फोडणी, तुमचा कानाला लागलेला हात एवढं सगळं समोर येतं की लाज वाटून घ्यायला जागाच उरत नाही.

त्या वर्षी पाऊस भादव्यातच तोंड फिरवून गेला. तलावात थोडं पाणी होतं, ते उन्हाळ्यासाठी राखायचं, गेट उघडायचं नाही, असा वरून हुकूम आला होता. कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला उशिरा पिकणारं भारी धान पोटरीवर, लोंब बाहेर पडायच्या बेतात, उभं होतं. आणखी एक पाणी मिळालं असतं तर लोंब भरली असती, नाहीतर नुसता पेंढा. त्या टोकाचे लोक तुमच्याकडे आले नाहीत, रडले नाहीत, काही नाही. तुम्हीच एका पहाटे तिकडे जाऊन धान पाहून आलात, आणि येता येता पाळीवर चढून चाक फिरवलंत. दीड दिवस पाणी सोडलंत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेट बंद केलंत, आणि तिसऱ्या सकाळी अंघोळ करून वर्गाला आलात. मला काही बोलला नाहीत. त्या दिवशी आम्ही 'जोपर्यंत'ची वाक्यं करत होतो.

आठवड्याभरात मेमो आला. साहेब नवे, दुसऱ्या प्रांतातले, मराठी न वाचणारे, म्हणून मेमो इंग्रजीत. हुकूम असताना गेट का उघडलं याचा लेखी खुलासा आठ दिवसांत द्यावा, नाहीतर कामावरून कमी का करू नये. मी तो वाचून दाखवला तेव्हा आईच्या हातातला झारा तसाच राहिला. तुम्ही मात्र जरा खुशीतच दिसलात. म्हणालात, "खुलासा इंग्रजीत मागते ना? मंग मीच लिवतो. शिकून कायले राहिलो?"

तुम्ही पाळीवर गेल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. ती कधी माझ्यासमोर अशी बसत नसे. म्हणाली, "तुले येते ना पोरी इंग्रजी? मंग त्याईले वाचव. ते आपल्या हातानं आपला गळा कापतीन." मी तिला शब्द दिला, आणि त्याच दुपारी एक खुलासा लिहून काढला. त्यात मी लिहिलं की गेटाचा दांडा अडकला होता, तो सैल करताना गेट वर सरकलं आणि बरीच खटपट करूनही दीड दिवस खाली बसलं नाही. भाषा अगदी साहेबी. तुम्ही संध्याकाळी आल्यावर मी तो वाचून मराठीत अर्थ सांगितला. तुम्हाला रागावलेलं मी आयुष्यात दोन-तीनदाच पाहिलं असेल, त्यातली ही एक वेळ.

"गेट अडकला नोता," तुम्ही म्हणालात. "गेटाचं नाव कायले घेतं? त्या बिचाऱ्यानं काय केलं?" मी म्हटलं, बाबूजी, लोखंडाला काय लागतंय, नोकरी वाचेल. तेव्हा तुम्ही इतक्या हळू बोललात की मला पुढे वाकावं लागलं. "एकोनीस वर्सं मी त्याले तेल देल्लं. खात्याचं संपलं तं घरचं देल्लं. तो गेट अडकला म्हनशील, तं मी काय करत होतो तेथं?" हे खरं होतं. खात्याकडून ग्रीस यायला उशीर झाला की तुम्ही घरातलं मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल वाटीत घेऊन जायचात, आणि आई रिकाम्या बुधलीकडे बघून कपाळाला हात लावायची. साऱ्या कालव्यावर तुमचं एकच गेट एका हातानं फिरायचं.

मग तुम्ही स्वतः लिहायला बसलात. दोन दिवस लिहीत होता. शेवटी एकच वाक्य झालं: गेट बंद ठेवण्याचा हुकूम असला तरी मी ते उघडलं, कारण शेवटच्या टोकाचं धान पोटरीवर होतं आणि पाणी मिळालं नसतं तर ते हातचं गेलं असतं. जरी, कारण, जर, तिन्ही एकाच वाक्यात, आणि चूक एकही नाही. मी लाल पेन हातात घेऊन बघत राहिले. माझ्या वर्गात कोणी लिहिलेलं ते सर्वांत चांगलं वाक्य होतं, आणि ते वाचून साहेबांनी तुम्हाला घरी बसवलं असतं. तुम्ही विचारलंत, "पास का मॅडम?" मी म्हटलं, पास.

दुसऱ्या दिवशी मी ते टाइप करून आणायला तुमसरला गेले. जाताना बसमध्ये तुमचं पान वाचत होते. टायपिंगवाल्यापुढे बसले आणि पर्समधून माझं, गेट अडकल्याचं पान काढून दिलं. एवढंच केलं, बाबूजी. फार विचार केला असं म्हणायला मला आवडेल, पण केला नाही. आईचा चेहरा समोर होता. घरी आल्यावर तुम्ही हात धुतलेत, चष्मा शोधू लागलात, मग म्हणालात, "जाऊ दे. मास्तरनीनं तपासलं, त्याच्यात मी काय पाहू?" आणि पहिल्यांदाच इंग्रजीत सही केलीत. सहीतलं एक अक्षर उलटं पडलं होतं. मी ते सुधारलं नाही.

पंधरा दिवसांनी भंडाऱ्याहून एक मिस्त्री आला. त्यानं गेटाचा दांडा खोलला, पुसला, पुन्हा बसवला. तुम्ही त्याला घरी चहाला घेऊन आलात. तो म्हणाला, "काका, गेट तं लोन्यासारखा चालते. मले कायले धाडलं समजत नाई." तुम्ही फुलून गेलात. आईला सांगितलंत, साहेबाला आपली कदर आहे, बघ गेटाची चौकशी करून राहिले. मी चहात साखर दोनदा घातली.

मग इंग्रजीतच उत्तर आलं. दांड्यात बिघाड सापडला नाही, म्हणजे दोष चौकीदाराचा. दांड्याला तेल देण्यात निष्काळजीपणा केल्याबद्दल सक्त ताकीद, नोंद सेवापुस्तकात. नोकरी कायम. तुम्ही कागद माझ्या हातात दिलात. "तूच वाच, तुह्या तोंडून बरं लागते." मी वाचल्यासारखं करून सांगितलं: साहेब म्हणतात, हुकूम मोडला हे चुकलं, पण कारण पटलं, पुन्हा असं करू नका. तुम्ही कागदाची घडी करून खिशात ठेवलीत. दुसऱ्या दिवशी वर्गात, मला न विचारता, तुम्ही उभे राहिलात आणि सगळ्यांना सांगितलंत की खरं कारण खऱ्या वाक्यात लिहिलं की साहेबसुद्धा ऐकतो. कंडक्टरांनी टाळी वाजवली. मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत होते.

त्यानंतरच्या दिवसांत माझी डिक्शनरी फळीवर जागेवर नसायची. मी लक्ष दिलं नाही, परीक्षा जवळ आली होती. आठवड्यानं वर्गात मी विचारलं, कोणाला काही शंका? तुम्ही उठलात. हात बांधून, नेहमीसारखे. "मॅडम, एक शब्द हाय. नेग्लिजन्स. डिक्शनरीत पाह्यला, पन तुमच्याकडून पक्का करून घ्याचा हाय."

वर्गात सगळे माझ्याकडे बघत होते. तुम्हीही बघत होता, राग नाही, काही नाही, विद्यार्थी बाईंकडे बघतो तसं. मी म्हटलं, "दुर्लक्ष. निष्काळजीपणा." तुम्ही म्हणालात, "दुर्लक्ष," आणि खाली बसून वहीत लिहून घेतलंत. वर्ग सुटल्यावर माझ्या सायकलच्या मागे मागे घरी आलात. जेवताना आईला भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलंत. तो खुलाशाचा किस्सा त्या दिवसानंतर तुम्ही कोणालाही सांगितला नाहीत. गेटाला मात्र दर आठवड्याऐवजी दोन दिवसांआड तेल द्यायला लागलात. त्या वर्षी नाही, पण पुढच्या वर्षी तुम्ही मॅट्रिक झालात, कारकून म्हणून ऑफिसला जायला लागलात, आणि चार वर्षांनी, ऐंशीचं दशक अर्ध्यावर असताना, गेलात. मधल्या एवढ्या दिवसांत आपण दोघं शेकडो वेळा एका चुलीपुढे बसलो. एकदाही तुम्ही विचारलं नाही, आणि एकदाही मी सांगितलं नाही. तुम्ही माफ केलंत की मनातच ठेवलंत, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती शेवटपर्यंत म्हणायची की माझ्या पोरीच्या इंग्रजीनं घर वाचवलं.

मी तुमची माफी मागायची म्हणून हे लिहायला बसले होते. आता एवढं लिहून झाल्यावर दिसतं की पूर्ण माफी माझ्याकडे नाहीच. ती नोकरी राहिली, तुम्हाला खुर्ची मिळाली, पाळीवरची चढण सुटली, याचं मला आजही बरंच वाटतं, आणि पुन्हा तसा मेमो आला तर मी पुन्हा तुमसरलाच जाईन. पण तुमच्या सेवापुस्तकात, कोणीही उघडावं नि वाचावं असं, लिहून ठेवलेलं आहे की या माणसानं गेटाला तेल दिलं नाही. ते साहेबांनी नाही लिहिलं, बाबूजी. मी लिहिलं.