साहेबांचं टिकणं

३ मार्च. सकाळी ११.
आजपासून रोज आठला लॅबमध्ये. म्हणजे उद्यापासून.
कायमची जागा एक, दावेदार दोन. सात वर्षं जुना मी, आणि काल-परवा आलेली धाकटी. लॅबच्या मॅडमनी दोघांना उंदराचं एकेक पिल्लू दिलंय. त्याच्या स्नायूच्या एका तंतूला सुरुवातीला दोन-तीन नसांची टोकं चिकटलेली असतात. पंधरा दिवसांत स्नायू एकाला ठेवतो, बाकीच्यांना घालवतो. कोण टिकतं त्याचे रोज फोटो काढायचे. डाव्या हातचा मळ.

४ मार्च.
ओळखू यावीत म्हणून टोकं फोटोत रंगीत चमकतात. एक टोक लाल, किरकोळ. दुसरं हिरवं, भारदस्त. त्याचं नाव ठेवलं ‘साहेब’. साहेबच टिकणार, लिहून ठेवतो.

६ मार्च.
कालचा फोटो राहिला. अंग कसकसेल असं वाटत होतं. कसकसलं नाही, पण खबरदारी बरी.
धाकटी म्हणते, जे टोक स्नायूला सारखे संदेश धाडतं त्यालाच स्नायू पोसतो. गप्प बसणाऱ्याचं अन्नपाणी तोडतो. पुस्तकी किडा. सीनियॉरिटी नावाची काही चीज असते की नाही?

९ मार्च. दुपारी ३.
मॅडमनी विचारलं, सात-आठ तारखेचे फोटो कुठे? म्हटलं, साहेब जागचे हलत नाहीत, रोज कशाला बघायचं? त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. माझा आत्मविश्वास आवडला असावा.

१२ मार्च.
लाल टोक पसरतंय. पसरू दे. साहेब तसेच: तोच आकार, तोच तिरकेपणा. अशी चिकाटी आजवर कुणी नोंदवली नसेल. आईला फोन करून सांगितलं, जागा आपलीच. तिने मावशीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना कळवलं.

१५ मार्च.
मॅडमसमोर फोटो दाखवले. धाकटी म्हणाली, पिल्लू रोज नव्याने ठेवतो, तरी साहेब तसूभर हलत नाहीत; ते काचेवर असतील, मी माझ्या कॅमेऱ्याची काच रोज पुसते. उठली, माझ्या कॅमेऱ्यापुढची काच पुसली. पडद्यावरचे साहेब गेले. माझ्या स्वेटरचा धागा होता. लालच्या शेजारचं खरं टोक कधी गळालं, कुणालाच सांगता येईना. त्या दिवसांचे फोटो नाहीत.

१६ मार्च.
जागा धाकटीला. मी महिनाअखेर टेबल रिकामं करायचं. फार वाईट वाटलं.
संध्याकाळी आईचा फोन. जागेचं झालं का पक्कं, म्हणाली. म्हटलं, झालं. कुणाचं, ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.