पाकिटावरचा पत्ता

रामेश्वरी, नागपूर
रविवार, १८ मे २०२५

प्रिय प्रशिक,

सप्रेम जय भीम.

पाकिटावरचा पत्ता पाहून घाबरू नको, त्याचं मागून सांगते. फोन काहून नाही केला म्हणशील, तं फोनवर तुही नेहमी मीटिंग राहते. पत्राले मीटिंग नसते.

उमरेडले आई-बाबा बरे आहेत. बाबाचा गुडघा दुखून राहिला, पण गोळी घ्या म्हटलं की तोंड फिरवतात. आईनं यंदा लोणच्याच्या दोन बरण्या भरल्या, एक माही, एक तुही. "पुण्याले कोणी जाणारं असन तं प्रशिकची पाठवून दे" म्हणाली. तुही बरणी अजून माह्याच खोलीत आहे. ऊन तं विचारूच नको. यमुताई, माह्या घरमालकीण, रोज म्हणतात, "भूमिका, दुपारी बाहेर पडशील तं पापड होशील बाई."

माहं म्हणशील तं तेच. एका माणसाचं वरण काही मले जमत नाही, नेहमी उरते. रविवारी तं यमुताईशिवाय कोणाशी दोन शब्द होत नाहीत. मले लय एकटं वाटते, प्रशिक. हे आईले सांगू नको.

आता ऑफिसचं. तुले माहीत आहे, सीताबर्डीवर नीला मॅडमकडे आम्ही कंपन्याइले माणसं शोधून देतो. मागच्या हप्त्यात मिहानमधल्या एका गोदामानं सुपरवायझरच्या जागेसाठी आलेले एकशे चाळीस अर्ज आमच्याकडे पाठवले. चाळणी मले लावायची होती. आमचा नियम असा, की शेवटची नोकरी कधी सुटली ते पहिले पाहाचं. सहा महिन्यांहून जास्त घरी बसला असन, तं अर्ज बाजूले. त्याचं शिक्षण, अनुभव, पुढचं काही वाचाचंच नाही. ज्याच्या हाताले काम आहे त्यालेच काम भेटते, बसला तो बसलाच. मी तं नावंही पाहत नाही. चहा थंड व्हायच्या आत वीस-पंचवीस जण बाजूले करते. मॅडम म्हणतात, "भूमिका, तुझा हात छान बसलाय."

बुधवारी ते बाजूले केलेले अर्ज मोजून राहिली होती. एकावर फोटो दिसला. निळा शर्ट. मीच इतवारीतून घेऊन दिला होता तो.

भैताडा, जून २०२४ मध्ये नोकरी सुटली? अकरा महिने झाले अन् आम्हाले पत्ता नाही? अन् राहाचा पत्ता नंदनवन, नागपूर? कधीपासून, ते तूच जाणे. आईजवळ सारं खोटं बोलला, अन् अर्जात मात्र तारीख खरी लिहिली. तिथं खोटं लिहिलं असतं तं लागली असती नोकरी.

अन् खाली 'अपेक्षित पगार' समोर काय लिहिलं? "द्याल तो." बाप्पा! अडतीस हजार घेणारा माणूस तू. तीन वर्षांआधी बुटीबोरीची नोकरी आली, तवा तूच म्हटलं होतं ना, "बावीस हजारात इंजिनियर येते का?" बाबा किती हसले होते तवा. ते "द्याल तो" वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडली.

मग मी अर्ज घेऊन मॅडमकडे गेली. म्हटलं, हा माझा सख्खा भाऊ आहे. त्या म्हणाल्या, "भाऊ असला म्हणून तारीख बदलते का?" बरोबरच होतं त्याइचं. त्या ढिगात शंभरेक जण होते, सगळे कोणाचे ना कोणाचे भाऊ. मले इतके दिवस ते सुचलंच नाही. मी अजून भांडाले पाहिजे होतं. पण माही बी नोकरी कच्ची आहे, अन् मी भ्याली. तुहा अर्ज मी माह्या हातानं परत तिथंच ठेवला. शुक्रवारी यादी गेली, तुह्या नावाशिवाय. हे दुसऱ्या कोणाकडून तुले समजू नये, म्हणून मीच सांगते.

काल दुपारी बरणी घेऊन तुह्या दारापर्यंत आली होती. आतून तुहा आवाज येऊन राहिला होता. "हाव आई, इथं काल मस्त पाऊस आला. हाव, चादर लागते." मागं कूलर घरघर करून राहिला होता, अन् बाहेर मी घामानं भिजून उभी. फोन ठेवला तसी मी कडी वाजवली. दोन खेपा. कूलर बंद झाला. दार नाही उघडलं.

भाडं मागाले घरमालक आला वाटलं असन तुले. का मी वाटली, ते विचारत नाही. खोलीवर येऊन उरलेलं वरण खाल्लं. एका शहरात दोघं बहीणभाऊ, अन् दोघं एकेकटे जेवून राहिलो. कोणाले सांगितलं तं हसतीन लोकं.

आईले मी काही सांगितलं नाही. पुण्याचा पाऊस तूच सुरू केला, तूच थांबव. नोकरीचं माह्या हातात काही नाही, ते तं दिसलंच तुले. जेवणाचं आहे.

पुढच्या रविवारी अकरा वाजता येते. लोणचं आणते, वरण दोघांच्या मापाचं करते. कडी वाजली की कूलर चालूच राहू दे, प्रशिक. फक्त दार उघड.

तुह्या रूमपासून ऑटोनं पंधरा मिनिटांवर राहणारी,
तुही ताई
भूमिका