दादूकाकांवरचा आळ

रत्नागिरी,
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८५५

चि. सौ. राही,

आपले शेजारी दादूकाका परवा गेले. फाल्गुन लागला की उजाडता उजाडता तुला कातळावरच्या तळ्यावर नेऊन पाखरं दाखवायचे ते.

सहा वर्षांपूर्वी एका गोऱ्या साहेबाने त्या तळ्यावर बंदूक चालवली. तू पाण्यात शिरून एक घायाळ चक्रवाक पदरात घेऊन आलीस. दुसऱ्या दिवशी तो मेला. "साहेबाला जागा कोणी दाखवली?" तू विचारलंस. मी म्हटलं, "दादूखेरीज ती जागा कोणाला ठाऊक आहे?" तू त्यांच्याशी बोलणं तोडलंस. लग्नातही त्यांच्या पाया पडली नाहीस.

राही, जागा मी दाखवली होती. कचेरीत कारकून होतो, साहेबाची मर्जी हवी होती.

दादूंना हे पहिल्यापासून माहीत होतं. शेवटच्या दिवशी त्यांच्या उशाशी बसून मी म्हणालो, "राहीला खरं काय ते कळवतो."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "नको, अण्णा. माझ्यावर रागावली तर तिचा काय बिघडत नाय. बापावर रागावली तर पोरीचा माहेर तुटेल."

आज तळ्यावर एकटाच बसून आलो. चक्रवाक अजून परतीला लागलेले नाहीत.

हे पत्र टपालात टाकायचं धैर्य माझ्यात नाही. दादूंचा शब्द पाळतो आहे, अशी मी माझीच समजूत घालतो.

तुझा अपराधी बाप,
अण्णा