उजव्या भिंतीला टेकलेला डोंगर

५ जून

चि. ठकू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या महिन्याभरात तीन गिऱ्हाइकांनी फोटो परत केले. म्हणतात, चेहरे पिठात बुडवल्यासारखे आलेत. मला तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर झकास दिसतात, उलट अंमळ काळपटच. कॅमेराच बिघडला असणार. तीस वर्षांचा स्टुडिओ बंद करावा, असं आता वाटू लागलंय.

दोन वर्षांतले फोटो पेनड्राइव्हवर पाठवतो. तू याच धंद्यातली. भीडभाड न ठेवता खरं काय ते कळव.

तुझा,
काका

१४ जून

ती. स्व. काकांना शि. सा. न. वि. वि.

कॅमेरा ठणठणीत आहे. त्यात हिस्टोग्राम नावाचा आलेख असतो, तो तुम्ही कधी उघडलेला दिसत नाही. त्यात डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. फोटोत ज्या उजेडाचा भाग जास्त, तिथे आलेखाचा डोंगर उंच. तो उजव्या भिंतीला टेकला, की तिथले बारकावे गेलेच. मग काही केल्या परत येत नाहीत.

तुमचे फोटो तारखेप्रमाणे लावले. आधी डोंगर मधोमध होता, मग महिन्यागणिक उजवीकडे सरकत गेला. कॅमेरा असा हळूहळू बिघडत नाही. काका, रागावू नका, पण तुम्हालाच अंधुक दिसतंय, म्हणून तुम्ही उजेड वाढवत नेलात. डोळे दाखवा. स्टुडिओचं नंतर बघू. मला स्टुलावर उभं करून उजेड ओळखायला तुम्हीच शिकवलंत, म्हणून तर हे लक्षात आलं.

काकूला नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची,
ठकू

२ सप्टेंबर

चि. ठकू हिस पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर फुगून बसलो, मग मुकाट्याने डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनं नीट पार पडली, स्टुडिओही सुरू झाला. आता फोटो काढला की आधी आलेख बघतो. काकू म्हणते, समोर बसलेल्या माणसाकडेही बघत जा.

बैठकीत मी वर्षाच्या सुरुवातीला काढलेला तिचा फोटो आहे. परवा नीट पाहिला. पांढऱ्यात नुसत्या भुवया उरल्यात. ती तो रोज पुसत होती. बोलली का नाहीस, म्हणून विचारलं, तर म्हणाली की तुम्ही हौसेने काढलात, तुमचं मन मोडवेना.

काल तिला खिडकीशी बसवून नवा काढला. डोंगर कुठे टेकला नाही. ठके, तिचे केस सगळे पिकलेत गं, मला पत्ताच नव्हता. बराच वेळ बघत राहिलो, शेवटी ती लाजून उठली. तुझे उपकार मी विसरणार नाही.

अशीच हक्काने कान धरत राहा.

तुझा,
काका