आगेऱ्याच्या लोंब्या

आई,
तुला नि अण्णांना मरोळहून जय भीम. मी बरी आहे गं. तुझा गुडघा काय म्हणतो?

चर्चमागची आमची ओल्या कचऱ्याचं खत करायची शेड गेली. वास येतो म्हणून बाजूच्या टॉवरवाल्यांनी बंद करायला लावली. आम्हा बायकांना फादर रेशन देतात, पण काम कुठून देणार?

इथे आगेऱ्याला, म्हणजे नव्या भाताच्या सणाला, लोंब्या चर्चमध्ये नेतात. शेतं कधीच संपली, म्हणून आम्ही आमच्याच खतावर ड्रममध्ये भात लावलं होतं. शेडबरोबर नळही तोडला, आणि ऐन दाणा भरताना ते सुकलं. सगळ्या लोंब्या पोकळ आहेत.

तू नुसतं चिमटीत धरून ओळखलं असतंस. इथे कुणी दाबून बघत नाही. फादरना सांगायचं माझ्या जिवावर येतंय. रविवारी ते त्याच लोंब्यांना आशीर्वाद देतील.

तुझी नंदा